कोपर दुखते तेव्हा नेमके काय दुखते?

(धाकटी डहाणू येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे बहुतांशी तशीच ठेवली आहेत.)

मंडळी, मागेपर्यंत आवाज येतोय ना? पंखा थोडा कमी केलात तर बरं होईल. वय झालं की आवाजाच्या आधी पंखाच ऐकू येतो.

विषय जाहीर झाला तेव्हा इथल्याच एका मित्राने आम्हाला विचारलं, ‘सर, इंग्रजीतले हात-पाय-डोळ्यांचे वाक्प्रचार पोर्तुगीजमध्ये कसे न्यायचे, ह्याच्याशी धाकट्या डहाणूचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. त्यांना आम्ही उलट विचारलं, सकाळी होड्या लागल्यावर मावऱ्याचं काय होतं? ते म्हणाले, लिलाव. हा ‘लिलाव’ पोर्तुगीज. खलाशाला मिळतो तो ‘पगार’ पोर्तुगीज. मासळी ज्या घमेल्यात पडते ते घमेलं, बर्फाचं पिंप, कुलपाची चावी, चहाबरोबरचा पाव, होडी दुरुस्त करणारा मेस्त्री, सगळे तिकडचे. 1739 साली चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत हा किनारा मराठ्यांकडे आला, तोवर डहाणू पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. आणि दमण तर 1559 पासून डिसेंबर 1961 पर्यंत त्यांच्याकडेच होतं. इथून गाडीत बसून वापीला उतरलं की दमण जवळच. म्हणजे पोर्तुगीज ही आपली परदेशी भाषा नव्हे, शेजारची भाषा. शेजाऱ्याशी आपण फारसं बोललो नाही, एवढंच.

आता ह्या उसन्या शब्दांकडे जरा नीट पाहा. वस्तू आल्या, व्यवहार आला, धर्मकारणातले नाताळ आणि पाद्री आले. अवयव आले नाहीत. हात, पाय, डोळे, पोट हे ज्याचे त्याच्यापाशीच राहिले. भाषा उसनवारी करते ती घराच्या ओट्यावर. आत माजघरात शरीराचे शब्द असतात, आणि त्या शब्दांवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेले अर्थ असतात. तिथे परक्याला सहसा प्रवेश नसतो. म्हणून भाषांतराची खरी परीक्षा पाहायची असेल तर अवयवांचे वाक्प्रचार घ्यावेत.

ह्या परीक्षेत आम्ही एकदा सपशेल नापास झालो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण ती मनात ठेवून बाकीचं पांडित्य सांगणं म्हणजे लबाडी होईल.

ह्याच किनाऱ्यावरचा एक तरुण व्यापारी जहाजावर डेकवर कामाला होता. त्याच्या परवानगीने सांगतो आहे, नाव मात्र सांगणार नाही. जहाज ब्राझीलच्या सांतोस बंदरात असताना बांधणीचा दोर तुटला आणि त्याच्या शेजारचा सोबती जबर जखमी झाला. ह्याला स्वतःला खरचटलंही नव्हतं, पण जेवण जाईना, झोप लागेना, हात कापत राहिले. त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोर्तुगीज बोलणारे. सोबत दिलेल्या कारकुनाला पोर्तुगीज आणि बेताचं इंग्रजी येत होतं. एरवी कामापुरतं इंग्रजी बोलणाऱ्या ह्या मुलाची भाषाच त्या दिवशी आटली. त्याने घरी फोन लावला, वडिलांनी आम्हाला. आपल्याकडे रात्र उलटून गेली होती. वडील म्हणाले, ‘सर, पोरगा एकच सांगतोय, तेव्हापासून पोटात गोळा आलाय, तो उतरत नाही. एवढं इंग्रजीत लिहून पाठवा.’

आम्ही लिहून पाठवलं. शब्दाला शब्द ठेवून. पोटात गोळा आहे, जात नाही.

तसं का केलं? झोपेत होतो म्हणून नव्हे. रुग्णाचे शब्द डॉक्टरपर्यंत जसेच्या तसे पोचावेत, मध्ये आपण अर्थ लावू नये, असं आमचं प्रामाणिक मत होतं. कारकुनाने ते इंग्रजी वाचलं आणि पोर्तुगीजमध्ये सांगितलं, पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी जे करायला हवं तेच केलं. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, मग आणखी एक मोठी तपासणी. गाठ सापडेना, म्हणून आणखी शोध. जहाज कोणासाठी थांबत नाही, ते ठरल्या दिवशी सुटलं. मुलाला तिथूनच कामावरून मोकळं करून घरी पाठवलं. करारातले पाच महिने उरले होते, त्यांचा पगार बुडाला. आणि जे त्याला खरंच झालं होतं, तो धसका, त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

काही आठवड्यांनी जुनी पोर्तुगीज वही चाळताना एक नोंद समोर आली. आम्ही फार वर्षांपूर्वी गोव्यात ती भाषा वाचण्यापुरती शिकलो होतो. नोंद अशी: ‘फ्रिउ ना बार्रीगा’. शब्दशः, पोटात गारवा. अर्थ, भीतीने पोटात होतं ते. ब्राझीलमध्ये रोजच्या बोलण्यातला प्रयोग आहे. म्हणजे मराठी माणूस भीती जिथे ठेवतो, नेमकी तिथेच ब्राझीलचा माणूसही ठेवतो. मराठीचं पोट आणि पोर्तुगीजचं पोट ह्यांच्यात हातभर अंतर होतं. त्या अंतरात आम्ही इंग्रजी उभी केली.

इंग्रजीत ह्या भावनेला पोटातली फुलपाखरं म्हणतात. पण ती परीक्षेच्या किंवा भाषणाच्या आधीची हुरहूर. शेजारचा माणूस दोराच्या फटक्याने कोसळलेला पाहून फुलपाखरं उडत नाहीत.

आता ह्या चुकीचं जरा शास्त्र पाहू. आपल्याकडे अलंकारशास्त्रात लक्षणा म्हणून शब्दशक्ती सांगितली आहे. शब्दाचा मुख्य अर्थ जुळेना, म्हणजे मुख्यार्थाचा बाध झाला, की ऐकणारा त्या अर्थाशी संबंध असलेल्या दुसऱ्या अर्थाकडे जातो. ती कधी रूढीने होते, कधी प्रयोजनाने. ‘कुशल’ हा शब्द रूढीचं उदाहरण म्हणून मम्मट देतो. कुश नावाचं गवत नीट तोडणारा तो कुशल, पण आज कुशल डॉक्टर म्हटलं तर कोणी गवत शोधत नाही. वाक्प्रचार म्हणजे बहुतेक वेळा ही रूढ लक्षणा. आमच्या पिढीने हे सगळं घोकून पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पुढे शिकवलंही. एक गोष्ट मात्र त्या रात्रीपर्यंत ध्यानात आली नव्हती. बाध झाला तरच लक्षणा. दवाखान्यात बाध होतच नाही!

पाहा, बाजारात कोणी म्हणालं, ‘भाव ऐकून पोटात गोळा आला’, तर कोणी त्याचं पोट चाचपत नाही. बाजारात पोटात खरा गोळा येण्याचं कारण नाही, म्हणून मुख्य अर्थ आपोआप बाजूला होतो. पण तेच वाक्य डॉक्टरसमोर म्हटलं की मुख्य अर्थ ठणठणीत शाबूत. पोटात गोळा असू शकतो. किंबहुना त्या खोलीत तोच अर्थ आधी सुचायला हवा. इतर वाक्प्रचारांना हा धोका कमी. ‘डोक्यावर खापर फोडलं’ म्हटल्यावर डॉक्टरही खापराचे तुकडे शोधणार नाहीत. शरीराच्या वाक्प्रचारांची गोम अशी की शरीर नेहमी खरंखुरं तिथे असतंच.

आता आजच्या शीर्षकातलं कोपर. पोर्तुगीजमध्ये ‘दोर दि कोतोव्हेलु’ म्हणजे कोपराचं दुखणं. अर्थ, मत्सर. दुसऱ्याचं चांगलं झालं, विशेषतः आपण ज्याच्यावर किंवा जिच्यावर प्रेम करतो ती व्यक्ती दुसऱ्याची झाली, की कोपर दुखतं. मराठीत अशा वेळी काय दुखतं? पोट. ‘त्याला बढती मिळाली तर तुझ्या का पोटात दुखतंय?’ ह्या मत्सराला इंग्रजीत अवयव नाही, रंग आहे, हिरवा. आता इंग्रजी-पोर्तुगीज भाषांतरकार बिचारा हिरव्या रंगाचं कोपर करतो आणि ते बरोबरच आहे. पण इंग्रजीच्या वाटेने येणाऱ्या मराठी वाचकाला मात्र हिरवा रंगच मिळतो. एकीकडे कोपर, दुसरीकडे पोट, दोन चांगली जिवंत दुखणी, आणि मध्ये रंगाचा डबा.

कोपराचं आणखी एक. पोर्तुगीज माणूस फार बडबडा असला तर तो कोपरांतून बोलतो म्हणतात. मराठीत आपण कोपरापासून नमस्कार करतो, म्हणजे बाबा रे, तुझ्यापुढे हात टेकले. आणि मऊ लागलं म्हणून कोपराने खणतो. इंग्रजांचं कोपर घासून भांडी लखलखीत करतं आणि गर्दीत जागा करून घेतं. अवयव एकच. कामं पाहा केवढी वेगळी!

इथे आमचा पहिला आक्षेप येतो, तो तक्त्यांवर. शिकवण्या घेणारे, पुस्तकं काढणारे लोक तीन रकान्यांचे तक्ते करतात. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, मध्ये शब्दशः अर्थ, उजवीकडे ‘समानार्थी’. असे तक्ते आम्हीही केले आहेत. एका महागड्या वस्तूबद्दल इंग्रज म्हणतो, एक हात आणि एक पाय गेला. पोर्तुगीज म्हणतो, चेहऱ्यावरचे डोळे गेले. तक्ता म्हणतो, झालं समान. मराठीत किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. मराठी माणूस किंमत देत नाही, तो ऐकूनच गार होतो! पोर्तुगीज गिऱ्हाइकाने वस्तू घेतली आहे, मराठी गिऱ्हाईक अजून दुकानाच्या पायरीवर उभं आहे. ‘समानार्थी’ ह्या एका शब्दाने हा फरक पुसून टाकला.

तक्त्याचा दुसरा दोष जास्त गंभीर. जे वाक्प्रचार दिसायला सारखे असतात, तिथे तक्ता बेसावध करतो. हात धुणं घ्या. बायबलमधल्या पिलाताने हात धुतले, तेव्हापासून इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये एखाद्या प्रकरणातून हात धुणं म्हणजे जबाबदारी झटकणं. दोन्ही भाषांची गोष्ट एक, म्हणून भाषांतर सोपं. मराठीत मात्र ‘त्या प्रकरणात साहेबांनी हात धुऊन घेतले’ म्हटलं तर साहेबांनी पैसे खाल्ले! वाहत्या गंगेत हात धुणारे आपण. पिलातासाठी मराठीकडे ‘काखा वर केल्या’ हा प्रयोग आहे आणि तो आम्हाला फार आवडतो. त्यात निर्लज्जपणा दिसतो, हात धुण्यात तो दिसत नाही.

तसंच पाय ओढणं. इंग्रजीत पाय ओढला म्हणजे थट्टा केली. मराठीत पाय ओढला म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचलं. इंग्रजीतल्या थट्टेखोर मित्राचा असल्या भाषांतरात वैरी होतो. आम्ही एका अनुवादित कादंबरीत हे वाचलं आहे. पुढची चार पानं ते दोघे एकत्र मजेत जेवत का आहेत, हे कळेना.

जिभेचं टोक हे तर भलतंच निसरडं. इंग्रजीत शब्द जिभेच्या टोकावर आहे म्हणजे आठवत नाही. पोर्तुगीजमध्ये धडा जिभेच्या टोकावर आहे म्हणजे घडाघडा येतो. न आठवणाऱ्या शब्दासाठी पोर्तुगालमध्ये म्हणतात, तो जिभेखाली आहे. म्हणजे विद्यार्थी नापास होतो की पहिला येतो, हे जिभेच्या वर की खाली एवढ्यावर ठरायचं.

पाठांतराचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. इंग्रज हृदयाने पाठ करतो. पोर्तुगीज ‘साबेर दि कोर’ म्हणतो, त्यातला कोर हा हृदयाचाच जुना शब्द, लॅटिनमधून आलेला. म्हणजे ह्या दोन भाषांत स्मरण छातीत राहतं. आपल्याकडे तोंडपाठ, मुखोद्गत, कंठस्थ. सगळं गळ्याच्या वर. ह्यातून मराठी माणूस पोपटपंची करतो आणि युरोपीय माणूस मनापासून शिकतो, असा निष्कर्ष काढणारे लोक आम्हाला भेटले आहेत. आम्ही त्यांना एवढंच म्हणतो, ज्या समाजाने शतकानुशतकं ग्रंथ कागदावाचून सांभाळले, त्याच्यासाठी कंठ हीच तिजोरी होती. जिथे ठेव ठेवायची त्या जागेचं नाव त्याने दिलं. ह्याहून जास्त तत्त्वज्ञान वाक्प्रचारातून पिळून काढू नये. लेकॉफ आणि जॉन्सन ह्यांच्या 1980 च्या पुस्तकानंतर विचार शरीरातून उगवतात हे सांगण्याची लाट आली. त्यांचं बरंच खरं आहे. तोंडाला पाणी सुटणं, डोळे उघडणं, पाठ फिरवणं हे तिन्ही भाषांत जवळपास सारखं आहे, कारण लाळ, पापण्या आणि पाठ सगळ्यांना आहे. नाक मुरडणं तर पोर्तुगीजमध्ये हुबेहूब आहे, नाक पिळणं. पण शरीर सगळ्यांचं एक असूनही कोपर एकाला मत्सर देतं आणि दुसऱ्याला नमस्कार, ह्याचं उत्तर शरीरात नाही. ते त्या त्या भाषेच्या घरात आहे.

काळजाचंच बघा ना. मटणाच्या दुकानात आपण काळीज मागतो तेव्हा काय मिळतं? यकृत. आणि घरी येऊन ‘माझ्या काळजाचा तुकडा’ म्हणतो तेव्हा छातीकडे हात नेतो. इंग्रजीत फिकट यकृताचा माणूस म्हणजे भित्रा. पोर्तुगीजमध्ये वाईट यकृताचा माणूस म्हणजे तापट, खुनशी, आणि जन्माच्या वैऱ्याला ‘यकृती वैरी’ अशा अर्थाचं विशेषण आहे. एका अवयवात भित्रेपणा, वैर आणि माया! ह्या अवयवाची इंग्रजीतली ओळ कोणी सरळ पोर्तुगीजमध्ये नेली तर भित्र्याचा भांडखोर होईल.

आणि पोट. मराठीत काय नाही पोटात? मोल्सवर्थने 1831 साली आपला कोश काढला, 1857 ला दुसरी आवृत्ती आली. त्यात ‘पोट’ ह्या शब्दाखाली वाक्प्रचारांची रांग लागलेली आहे. माया पोटात, गुपित पोटात, भीती पोटात, मत्सर पोटात. कळकळीने बोलणं पोटतिडकीचं. चूक माफ करायची तर ती पोटात घालायची. शिकलेल्या मंडळींना हे जरा गावठी वाटतं, ‘हृदयाच्या तळापासून’ म्हटलं की सुसंस्कृत वाटतं. त्यांना सांगायला हवं की 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येही करुणा आतड्यांत आहे, अंतःकरणातली खोल गोष्ट मूत्रपिंडांत आहे. हिब्रू आणि ग्रीकमधून ती तशी आली. पुढच्या भाषांतरांनी ती तिथून उचलून हृदयात नेऊन ठेवली. पोर्तुगीजमध्ये आतड्यांना जो शब्द आहे, ‘एंत्राञाश’, तो आजही सर्वांत खोल भावनेसाठी चालतो. म्हणजे पोट मागास आणि हृदय पुढारलेलं, असं काही नाही. इंग्रजी घर बदलून गेली, एवढंच. आणि आपण तिच्या नव्या पत्त्यावर पत्रं टाकायला लागलो.

मग मधला पूल इंग्रजीचाच का? ह्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही जाणणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. यंत्रांनीही अनेक वर्षं हाच रस्ता धरला. ज्या दोन भाषांची जोडलेली वाक्यं पुरेशी नाहीत, तिथे पहिली इंग्रजीत न्यायची आणि इंग्रजीतून दुसरीत. पुलाला आमचा विरोध नाही. पण पूल वापरताना त्यावरून काय पडलं हे मोजायला हवं, आणि शरीराचे वाक्प्रचार हटकून पडतात.

ह्या पुलाची जगातली सगळ्यात गमतीदार हकीकत पोर्तुगीजचीच आहे. 1855 साली पॅरिसमध्ये पोर्तुगीज विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचं एक पुस्तक निघालं. पेद्रु कारोलिनु हा त्याचा कर्ता. मुखपृष्ठावर जुझे द फोन्सेका ह्यांचंही नाव होतं, कारण पुस्तकाचा पाया त्यांच्या पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणावर होता. कारोलिनुला इंग्रजी येत नव्हतं. त्याने फ्रेंच वाक्यं घेतली आणि फ्रेंच-इंग्रजी कोश उघडून शब्दाला शब्द मांडत गेला, असं मानलं जातं. फ्रेंचमध्ये ताटकळत वाट पाहण्यासाठी एक वाक्प्रचार आहे, त्याचं ह्या पुस्तकात माकडाच्या एका जातीला चावून खाणं झालं. 1883 मध्ये लंडनला त्या पुस्तकातले वेचे ‘इंग्लिश अ‍ॅज शी इज स्पोक’ ह्या नावाने छापले गेले, अमेरिकी आवृत्तीला मार्क ट्वेनने प्रस्तावना लिहिली, आणि जग पोट धरधरून हसलं. आम्हीही तरुणपणी फार हसलो. सांतोसच्या प्रकारानंतर ते पुस्तक पुन्हा काढलं, तेव्हा तितकं हसू आलं नाही. कारोलिनुने फ्रेंचच्या पुलावरून जे केलं, तेच आम्ही इंग्रजीच्या पुलावरून केलं होतं. त्याच्या हातून वाचकाचं मनोरंजन झालं. आमच्या हातून एका माणसाचा रोजगार गेला.

ह्याच्या उलट एक माणूस पाहा, थॉमस स्टीफन्स. इंग्रज, ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्याला उतरला, जेझुइट पाद्री म्हणून. राहिला पोर्तुगीजांत, आणि लिहिलं मराठीत ‘क्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, 1616 साली रायतूरला छापलेलं. इथल्या बोलीचं व्याकरण त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापून आलं. म्हणजे इंग्रजी, पोर्तुगीज आणि मराठी ह्या तीन भाषा चारशे वर्षांपूर्वी एकाच डोक्यात नांदत होत्या. आणि गंमत म्हणजे त्यातली इंग्रजी गप्प होती! त्याने ओवी उचलली, पुराणाचा घाट उचलला, स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्या काळच्या गोव्यात धर्मप्रसार किती जुलमी होता, हे आम्ही विसरत नाही. त्याच सत्तेने 1684 मध्ये लोकांची भाषाच मोडीत काढण्याचा हुकूम काढला. पण भाषांतरकार म्हणून स्टीफन्सकडून एक धडा घ्यावाच लागतो. तो आधी माजघरात जाऊन बसला, मग बोलला. आम्ही ओट्यावरून ओरडलो.

कोर्लईचा उल्लेख राहून जाईल, म्हणून धावता करतो. रेवदंड्याच्या पलीकडे कोर्लईला आजही पोर्तुगीज शब्दांची एक मिश्रभाषा घरात बोलतात. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठी, क्रियापद शेवटी. पूल न बांधता दोन भाषा एकाच घरात राहिल्या की काय होतं ते तिथे ऐकावं.

आता एक आक्षेप आमच्यावर येईल, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. वाक्प्रचार शब्दशः नेऊ नये म्हणता, समानार्थी तक्ता नको म्हणता, मग न्यायचं काय? कथा-कादंबरीत आम्ही थोडा परकेपणा चालवून घेऊ. ब्राझीलच्या कादंबरीतल्या नायकाचं कोपर मराठीत दुखलं तर दुखू दे, दोन पानांत वाचकाला कळेल, आणि मराठीला एक नवं दुखणं मिळेल. ‘सें पेश नें काबेसा’, ना पाय ना डोकं, असं पोर्तुगीज निरर्थक बोलण्याला म्हणतात. आपण ‘ना शेंडा ना बुडखा’ म्हणतो. तिथे माणूस, इथे झाड. कादंबरीत मी माणूस ठेवीन. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कोर्टात मात्र अवयव सोडून द्यावा आणि घडलेलं सांगावं. पोटात गोळा आला म्हणजे घाबरला, अजून घाबरलेला आहे, जेवत नाही. आम्ही त्या रात्री हे लिहायला हवं होतं. शब्दनिष्ठा पाळली आणि माणूस सोडला.

बातमीदारीत हा प्रश्न आणखी वेगळा होतो. वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ऑगस्टअखेर पालघरला पायाभरणी झाली. बंदर हवं की नको ह्यावर इथे बसलेल्यांत दुमत असेल, आज तो विषय नाही. पण इथला कोळी म्हणतो, ‘आमच्या पोटावर पाय येतोय’, आणि इंग्रजी बातमीत त्याचं होतं, उपजीविकेवर परिणाम होण्याची भीती. त्या इंग्रजीवरून लिस्बनच्या वाचकापर्यंत जाईल ते एक सरकारी कलम. पोर्तुगीजमध्ये तोंडातली भाकरी काढून घेणं असा प्रयोग आहे, तो त्याला लगेच लागला असता. पोटावर पाय म्हटलं की तो पाय कोणाचा, हे विचारावं लागतं. परिणामाला पाय नसतो.

त्या मुलाच्या वडिलांकडे आम्ही नंतर गेलो. अंगणात बोंबील वाळत घातले होते. सगळं सांगितलं, वहीतली नोंद दाखवली आणि म्हटलं, ‘एवढी चूक पोटात घाला.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘सर, पोटात घातलीच आहे. पण पोटावर पाय आला तो आलाच ना.’ आम्ही चहा घेतला आणि उठलो.

मुलगा पुन्हा जहाजावर लागला आहे, सध्या सुट्टीवर आहे आणि मागच्या ओळीत बसला आहे. आम्ही दोघं मिळून एक कागद करतो आहोत, डेकवर काम करणाऱ्यांनी खिशात ठेवावा असा. मराठीत माणूस अंगाबद्दल जे सहज बोलतो ते डावीकडे, आणि समोर थेट पोर्तुगीज, मध्ये इंग्रजी नाही. तक्त्यांना शिव्या देऊन पुन्हा तक्ताच, हे खरं. फक्त प्रत्येक ओळीखाली डॉक्टरसाठी एक साधं वाक्य घातलं आहे, काय झालं ते सांगणारं. ‘अंग मोडून आलंय’ सोपं गेलं, पोर्तुगीजमध्ये अंग दळून निघतं. ‘पाय लटपटतायत’ला त्यांचे लुळे पाय मिळाले. ‘हातपाय गळाले’ मात्र अडून बसलं आहे. बाहू खाली टाकणं असा त्यांचा प्रयोग आहे, पण तो स्वतःहून हार मानणाऱ्याचा. आपल्या मुलाने हार मानली नव्हती, हातपाय आपोआप गळाले होते. ‘गाळले’ आणि ‘गळाले’ ह्यातला हा फरक त्यांच्या बाजूला कुठे ठेवावा हे ठरेना, म्हणून ती जागा सध्या कोरी आहे. तुमच्यापैकी कोणाचे नातेवाईक दमणला असतील, घरात जुनं माणूस पोर्तुगीज बोलणारं असेल, तर त्यांना विचारून आम्हाला कळवा. प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या ओळीतल्या त्या बाई मघापासून हात वर करून बसल्या आहेत, आधी त्यांना माइक द्या.